हाडांतली वाळवी

१

सकाळची प्रार्थना संपली तरी चंपाबाई आल्या नाहीत, म्हणून ब्राह्मी त्यांच्या खोलीत डोकावली. बाई खाटेच्या कडेला बसलेल्या. उजवा हात मनगटाच्या वर वाकडा झालेला, डाव्या हातानं तो मांडीवर सांभाळून धरलेला. ब्राह्मी घाबरून जवळ गेली, तर बाईच तिला समजावल्यासारखं म्हणाल्या, "उठताना हात टेकला, अन् मोडला. हाडांना वाळवी लागलीया माझ्या. सांगून सांगून दमले."

सांगलीच्या विश्रामबागेच्या जरा पलीकडं 'चंद्रप्रभा निवास' नावाचं हे वृद्धांचं घर. वृद्ध म्हणजे कुणीही नव्हेत. ज्यांनी अर्धं आयुष्य मनाच्या आजाराशी झोंबी घेतली आणि ज्यांना घरात सांभाळणं अवघड झालं, अशी म्हातारी माणसं इथं राहायची. ब्राह्मी त्या घराची व्यवस्थापक. चंपाबाईंना तरुणपणापासून कानात आवाज ऐकू यायचे. गोळ्यांनी ते आवाज बरेच शांत झाले होते. पण एकदा वेडी म्हणून शिक्का बसलेल्या बाईनं वाळवी म्हटलं काय आणि मुंगी म्हटलं काय, मनावर कोण घेतो? आजारानं पुन्हा उचल खाल्ली, एवढंच सगळ्यांनी धरलं होतं.

एक्स-रे काढला आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हात तर मोडलाच होता, पण बरगड्यांनाही चिरा होत्या. काही ताज्या, काही जुन्या. फोटो काढणाऱ्यानं चंपाबाईंच्या मुलाला, कल्लाप्पाला, बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की असं सहसा मार खाणाऱ्या माणसांचं असतं.

झालं. कल्लाप्पा मिरजेकडचा बागायतदार, मनानं सरळ पण डोक्यानं तापट. तो तरातरा निवासात आला आणि रात्रपाळीला कोण असतं म्हणून विचारू लागला. रात्रपाळीला शालूबाई असायची. त्यात फाटकावरच्या हरिबानं तेल ओतलं. शालूबाई दुधात कसली तरी पांढरी पूड कालवते, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि निवासातला सयाजी नाही का, कोयनानगरकडचा जुना फौजी? तो कितीतरी दिवस ओकाऱ्या काढतोय, घागरभर पाणी पितोय, बोलताना बरळतोय. हरिबाच्या मते हिशेब सोपा होता. एकीला मारलं, दुसऱ्याला काहीतरी पाजलं.

कल्लाप्पा तिथूनच पोलीस ठाण्यात निघाला होता. ब्राह्मीनं हातापाया पडून एक दिवस मागून घेतला. उद्या संध्याकाळपर्यंत खरं काय ते सांगा, नाहीतर शालूबाईला बेड्या पडलेल्या मी स्वतः बघीन, असं बजावून तो गेला.

२

राजेश्वरीला सगळं उंब्रज गाव राजाक्का म्हणायचं. पोलिसात फौजदार म्हणून निवृत्त झालेली बाई. आवाज खणखणीत, स्वभाव तिखट, आणि चहा मिळाला नाही तर त्याहून तिखट. शालूबाई तिच्याच गल्लीतली. नवरा गेला, मुलगा ज्योतिबा सैन्यात भरती झाला, रिकामं घर खायला उठलं, तेव्हा राजाक्कानंच ब्राह्मीला शब्द टाकून तिला ही नोकरी लावून दिली होती. त्यामुळं शालूबाईचा रडका फोन आला तेव्हा राजाक्कानं हातातलं काम टाकून पिशवी भरली.

तिनं दुपारची एसटी धरली. वाटेत दुतर्फा ऊसतोड चाललेली, ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर, आणि एसटी बैलगाडीच्या चालीनं रांगत होती. राजाक्का मनातल्या मनात स्वतःलाच बजावत होती. शालूबाई आपल्या शब्दावर तिथं गेली हे खरं. पण तिनं एखाद्या म्हातारीवर हात उचलला असला, तर कल्लाप्पाच्या आधी आपणच तिला ठाण्यात बसवायची.

शालूबाई मागच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. राजाक्काला बघताच तिनं पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, "ज्योतिबाच्या कानावर हे गेलं तर त्यो तिकडं बॉर्डरवर काय करील, राजाक्का? आई म्हाताऱ्या माणसांस्नी मारती, असं त्याला कुणी सांगितलं तर? लेकाची शपथ घालू का मी?"

"शपथा ठिव बाजूला," राजाक्का म्हणाली. "दुधात काय घालतीस ते सांग."

त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. ती डॉक्टरांनी दिलेली पूड होती. दर रविवारी प्रत्येकाच्या दुधात एक पुडी, गेल्या वर्षापासून. गुपचूप कालवायची, कारण चंपाबाईंसारख्या काही जणी पूड बघितली की विष घालताय म्हणून बिथरायच्या. दूध रोज रात्री टीव्हीवरची मालिका संपली की मोठ्या खोलीत वाटायचं. पेले नेहमी स्वच्छ रिकामे परत यायचे, एक थेंब उरत नसे. शालूबाईला त्याचा केवढा अभिमान होता.

राजाक्कानं तिच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं, हात उचललास का कधी. शालूबाईनं मान हलवली, पण नजर खाली गेली.

"मारलं न्हाई," शालूबाई पुटपुटली. "पर एकदा वरडले. सारखं वाळवी वाळवी करत हुत्या. म्हटलं, आजी, गप झोपा, हाडांना कवा वाळवी लागती व्हय?"

३

हरिबाला राजाक्कानं फाटकावरच गाठलं. नोकरीत असताना तिनं असले साक्षीदार पोत्यानं बघितले होते, ज्यांना दिसतं वाटाणा आणि सांगतात भोपळा. पण हरिबा खोटारडा नव्हता. त्यानं पूड बघितली होती हे खरं, मारताना बघितलं होतं का, तर नाही. ओरडण्याचा आवाज? तोही नाही. मग पुढचं सगळं कुठून आणलं, असं राजाक्कानं विचारल्यावर तो विडी शोधू लागला.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून कामाची निघाली. मागच्या अंगणाच्या दाराला कुलूप का, असं तिनं सहज विचारलं. गेल्या वर्षी एक आजोबा तिथून बाहेर पडून थेट माधवनगरच्या रस्त्याला लागले होते. तेव्हापासून ब्राह्मीनं म्हाताऱ्यांना बाहेर सोडणं बंद केलं होतं. वर हिरवी जाळी, खिडक्यांना पडदे, सगळी मंडळी दिवसभर आत. कुणाला इजा नको, हा एकच हेतू.

डॉक्टर शिवतेज संध्याकाळच्या फेरीला आले तेव्हा राजाक्कानं त्यांना चहासकट धरलं. माणूस चांगला, तरुण, शांत. त्यांनी सगळं नीट सांगितलं. अंगावर ऊन पडलं की शरीर व्हिटॅमिन डी तयार करतं, आणि त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांत मुरत नाही. म्हातारपणी ते मुळातच कमी बनतं. त्यात ही माणसं कोंडलेली, खाणं तुटपुंजं, आणि मनाच्या आजाराच्या काही गोळ्या उरलंसुरलं व्हिटॅमिनही संपवतात. म्हणून तर त्यांनी ती पूड सुरू केली होती.

"मग हाडं आपणहून मोडायचा प्रश्नच न्हाई म्हणा," राजाक्का म्हणाली.

"नाही ना," डॉक्टर खिन्नपणे म्हणाले. "डोस वर्षभर चालू आहे. मलाही शालूबाई तशा वाटत नाहीत. पण दुसरं कारण सापडत नाही."

राजाक्कानं एक्स-रे मागितला आणि खिडकीच्या उजेडात धरला. डॉक्टरकीतलं तिला काही कळत नव्हतं. पण मार खाल्लेली माणसं तिनं आयुष्यभर बघितली होती. मारणारा उजव्या हाताचा असला की खुणा एका अंगाला जास्त. चुकवायला हात वर केले की कोपराला लागतं. आणि काळेनिळे वळ तर हमखास. ती मघाशीच चंपाबाईंचं अंग बघून आली होती. एक डाग नव्हता.

"डॉक्टर, ह्या चिरा बघा," ती म्हणाली. "डावीकडं जिथं, उजवीकडं बरोबर तिथंच. समोरासमोर. माप घेऊन कोण मारतं का कुणाला?"

डॉक्टरांनी फोटो हातात घेतला. त्यांचा चहा तसाच राहिला. ते म्हणाले, की हाडं मऊ पडली की अशाच चिरा पडतात, दोन्ही बाजूंना सारख्या. आपण डोस चालू आहे या भरवशावर नीट बघितलंच नाही. "पण डोस पोटात जात असताना हाडं मऊ पडतील कशी?"

राजाक्का खुर्ची मागं सारून उठली.

४

ती चंपाबाईंच्या खाटेवर जाऊन बसली. म्हातारीच्या हाताला प्लास्टर होतं, पण डोळे स्वच्छ होते. राजाक्कानं आत्तापर्यंत कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं. वाळवी लागली म्हणजे नेमकं काय होतं, आजी?

चंपाबाईंनी आधी ही थट्टा करते आहे की काय ते नीट पारखलं. मग सांगायला लागल्या. बरगड्या आणि मांड्या आतून ठणकतात. आतलं लाकूड पोखरून वर नुसता रंग राहिलेली चौकट असते ना, तसं वाटतं. बसलं की उठवत नाही. जिना चढताना पाय उचलत नाही. कुणी मारलं का? छे. शालूबाई मायाळू आहे, रोज पाय चेपते. "मी हे सगळ्यांना सांगितलं," त्या म्हणाल्या. "पर मी येडी न्हवं का."

ऐकताना राजाक्काला वाईट वाटलं आणि रागही आला. साक्षीदार पहिल्या दिवसापासून साक्ष देत होता, आणि एकानंही ती लिहून घेतली नव्हती.

मग ती मोठ्या खोलीत जाऊन बसली आणि नुसती बघत राहिली. मनुबाई नावाची म्हातारी, वयानं चंपाबाईंच्याच बरोबरीची, पाण्याला म्हणून तरतर उठली आणि परत आली. तिचा आजारही जुना, गोळ्याही भरपूर, आणि तीही याच जाळीखाली कोंडलेली. पण चंपाबाईंच्या दोन सोबतिणी उठताना मांड्यांवर हात रोवायच्या, आणि चालायच्या त्या बदकासारख्या डुलत. घर एक, दार बंद सगळ्यांना, शालूबाईही सगळ्यांची. मग पोखरल्या जाताहेत त्या ह्या तिघीच का?

तेवढ्यात ब्राह्मी पर्स खांद्याला लावून आली. दिवस मावळायच्या आत घरी जेवायला पोचायचं, असं म्हणून ती घाईनं निघाली. जाताना तिनं स्वयंपाकघरात हाक दिली, आणि चंपाबाईंसह त्या तिघींची ताटं आली. बाकीच्यांचं जेवण अजून शिजत होतं. तिघी खाली मान घालून उजेडातच जेवल्या, चूळ भरली आणि मोकळ्या झाल्या.

राजाक्काच्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडत होता, तोच मागून आवाज आला. कल्लाप्पा आईला बघायला आला होता. राजाक्काची नजर तिघींवर खिळलेली त्यानं बघितली, आणि तोही बघू लागला. तिघींची डुलती चाल त्याच्याही ध्यानात आली.

"तिघी आमच्याच," तो सावकाश म्हणाला. "जैनांच्याच बायका निवडून मारल्या व्हय तिनं? मग उद्याची संध्याकाळ कशाला? मी आत्ताच जातो ठाण्यात."

५

राजाक्का दारात आडवी उभी राहिली. कल्लाप्पा धिप्पाड गडी, पण तिनं याच्या दुप्पट माणसं अडवली होती. तिनं आवाज न चढवता सांगितलं, की तुम्ही दिलेली मुदत उद्यापर्यंत आहे, आणि आत्ता ठाण्यात गेलात तर उद्या सगळ्या सांगलीपुढं मान खाली घालाल. एवढं बोलून तिनं त्याला शेजारच्या बाकावर बसवलं आणि दूध येईपर्यंत तोंड उघडू नका म्हणून दटावलं. कल्लाप्पा का कोण जाणे, पण बसला.

टीव्हीवरची मालिका संपली. शालूबाई ताट घेऊन आली आणि एकेकासमोर पेला ठेवून आत गेली. सगळे पिऊ लागले. तिघींनी मात्र पेल्याला हात लावला नाही. त्या भिंतीकडच्या बाकाकडं बघत राहिल्या.

तिथून सयाजी उठला. फौजेत कुस्त्या मारलेला गडी, आता अंगानं वाळलेला, पण मिशी अजून पिळदार. तो झोकांड्या देत एकेकीपुढं गेला, पेला उचलला आणि घटाघट रिकामा केला. दर वेळी मिशी पुसली. शेवटचा पेला चंपाबाईंचा. तो खाली ठेवून त्यानं कडक सलाम ठोकला आणि परत जाऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. हे सगळं इतक्या सरावानं झालं, की रोजचाच परिपाठ असणार यात शंका उरली नाही. शालूबाई येऊन रिकामे पेले गोळा करून घेऊन गेली.

कल्लाप्पा बघतच राहिला. राजाक्का उठून चंपाबाईंपाशी गेली.

"आजी, दूध का दिलंत त्याला?"

"सूर्य बुडाल्यावर आम्ही तोंडाला पाणीबी लावत न्हाई," चंपाबाई म्हणाल्या. "लग्नाआधीपासूनचा नेम हाय माझा. डोकं फिरलं हुतं तवाबी मोडला न्हाई."

"मग शालूबाईला सांगायचं की."

"एवढ्या मायेनं आणती. नको कसं म्हणायचं? अन् टाकलं तर अन्नाचं पाप. सयाजीला सारखी तहान लागती. पितो बिचारा."

राजाक्कानं कपाळावर हात मारून घेतला. तिनं शालूबाईला बोलावून विचारलं, की जैन माणसं दिवस मावळल्यावर जेवत नाहीत हे तुला माहीत नव्हतं का. माहीत होतं की. म्हणून तर त्यांना जेवण आधी मिळायचं. पण दूध म्हणजे जेवण थोडंच? उंब्रजमध्ये शालूबाई स्वतः सोमवार धरायची, एकादशी धरायची, आणि दिवसभर दूध प्यायची. उपासाला दूध चालतं, मग यांना का नाही चालणार? तिच्या मनात कधी शंकाच आली नाही.

आणि हे ज्या एका बाईच्या तत्काळ लक्षात आलं असतं, ती ब्राह्मी, तोच नेम पाळायला रोज दिवस मावळायच्या आत घरी जात होती.

६

राजाक्काला उत्तर सापडलं होतं, पण नुसत्या सांगण्यावर कल्लाप्पाचं समाधान झालं नाही. आई दूध प्यायली नाही हे खरं, म्हणून तिला मारलं नाही असं कुठं ठरतं, असा त्याचा सवाल. आणि सवाल चुकीचा नव्हता. राजाक्कानं डॉक्टर शिवतेजांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या तिघींचं, मनुबाईंचं आणि सयाजीचं रक्त घेतलं आणि स्वतः तपासणी केंद्रात जाऊन बसले. सयाजीला तिथूनच दवाखान्यात हलवलं.

दुपार लांबत गेली. शालूबाई सकाळपासून पाण्याच्या घोटावर होती. राजाक्का बाहेरून बिनधास्त दिसत होती, पण आत धाकधूक होतीच. डाव उलटला तर शालूबाई आयुष्यातून उठणार होती, आणि ज्योतिबाला कळवायचं काम राजाक्काच्याच गळ्यात पडणार होतं.

उन्हं कलता कलता डॉक्टर आले. मोठ्या खोलीत सगळे जमले. डॉक्टर खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत.

"चंपाबाई आणि त्यांच्या दोघी सोबतिणी, तिघींच्या रक्तात व्हिटॅमिन डी जवळजवळ नाहीच," ते म्हणाले. "मनुबाईंचं ठीक आहे. आणि सयाजीरावांचं इतकं चढलंय, की त्यामुळं रक्तात कॅल्शियम साठलं. ओकाऱ्या, तहान, बरळणं, सगळं त्याचंच. आम्ही ते त्यांच्या जुन्या गोळ्यांवर ढकललं होतं."

मग राजाक्का उठली. सगळा गुंता तिनं खोलीभर फिरत, आवाज चढवत उलगडला. ऊन जाळीनं अडवलं, म्हणून म्हाताऱ्यांना पुडीचा तेवढा आधार उरला. पुडी दुधात गेली, दूध रात्री वाटलं गेलं, आणि रात्रीचं दूध तिघींच्या नेमानं अडवलं. त्यांची हाडं मऊ पडून आपणहून चिरली, आणि त्यांच्या वाट्याचं सगळं औषध वर्षभर सयाजीच्या पोटात साठत गेलं. शालूबाईनं जर मारलं असतं, तर अंगावर एकही वळ कसा नाही, आणि चिरा दोन्हीकडं माप घेतल्यासारख्या सारख्या कशा? आणि तिनं जर विष घातलं असतं, तर मनुबाई ठणठणीत कशी? एका बाजूला मोडलेली हाडं, दुसऱ्या बाजूला आजारी फौजी, आणि दोन्ही कुलपांना किल्ली एकच. इथं कुणी कुणाला मारलं नव्हतं. प्रत्येकानं आपापलं काम मायेनं केलं होतं, पण दुसऱ्याला विचारून केलं नव्हतं.

"एकीनं मात्र सारखं सांगितलं," ती शेवटी म्हणाली. "हाडं आतनं पोखरली जात्यात, म्हणून. डॉक्टरांचा कागद यायच्या कितीतरी आधी. तिचं ऐकलं असतं, तर मी एसटीत बसलेच नसते."

कल्लाप्पा उठला. तो ठाण्याकडं जातो की काय म्हणून शालूबाईच्या तोंडावरचा रंग उडाला. पण तो सरळ तिच्यापुढं येऊन उभा राहिला. एवढ्या मोठ्या गड्यानं हात जोडले.

"माझं चुकलं, ताई," तो म्हणाला. "लय चुकलं."

शालूबाई तिथंच खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मनुबाईंनी तिला उठवलं, हरिबानं न सांगता चहा आणला, आणि राजाक्कानं तो सगळ्यांच्या आधी उचलला. जिंकल्यावरचा चहा तिनं आजवर कुणासाठी थांबवून ठेवला नव्हता.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राह्मीनं मागच्या अंगणाचं कुलूप स्वतःच्या हातानं काढलं. हिरवी जाळी उतरली. कुंपण उंच केलं, हरिबाची खुर्ची तिथं गेली, आणि सगळी मंडळी रोज उन्हात बसू लागली. डॉक्टर चंपाबाईंपुढं पुडी घेऊन बसले आणि ती कशाची आहे, काय करते, सगळं उघड सांगितलं. चंपाबाईंनी ती कशापासून बनते तेही विचारून घेतलं, आणि मेंढीच्या लोकरीतल्या तेलापासून असं कळल्यावर पुडी मागं सारली. मग डॉक्टरांनी वनस्पतीपासून केलेली शोधून आणली, आणि बाईंनी ती दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, दुधातून घेतली. विष वगैरे काही म्हणाल्या नाहीत. फसवून पाजलेल्या औषधाची भीती वाटते, सांगून दिलेल्याची नाही, हे डॉक्टरांनाही नव्यानंच समजलं.

सयाजीची पूड आणि दूध दोन्ही बंद झालं. तो दवाखान्यातून ताठ चालत परतला आणि दूध नाही म्हटल्यावर पलटणीतल्या ठेवणीतल्या शिव्या देऊन मोकळा झाला. तो बरा झाल्याची याहून चांगली खूण दुसरी नव्हती.

पुढं उन्हाळा लागता लागता ज्योतिबा सुट्टीवर आला. गावाकडं न जाता तो आधी आईला भेटायला सांगलीला उतरला. त्याच्या कानावर काहीबाही आलंच होतं. गावात कोण कुणाचं तोंड धरणार? फाटकातून आत येताना त्याचा चेहरा उतरलेला होता, आणि शालूबाई त्याच्यापुढं जायला धजत नव्हती. राजाक्का त्या दिवशी मुद्दाम आली होती. ती पुढं होऊन सांगणार, एवढ्यात अंगणाच्या पार टोकाकडून हाक आली.

चंपाबाई बाकावरून उठल्या. मांडीवर हात न रोवता, कुणाचा आधार न घेता, सरळ उठल्या. कल्लाप्पा धावला, त्याला त्यांनी हातानंच मागं सारलं. सबंध अंगण त्यांनी चालून पार केलं. सावकाश, पण न डुलता. खोलीखोलीतून माणसं दारात येऊन उभी राहिली. चंपाबाई ज्योतिबापुढं येऊन थांबल्या, त्याच्या खांद्याला कशाबशा पुरणाऱ्या.

"तू शालूबाईचा ल्योक न्हवं? मग ऐक," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईवर आळ घेतला हुता. ज्यांनी घेतला त्यांनी मला इचारलंच न्हाई. मी येडी, माझी साक्ष कोण घेणार? आता देते. हिनं मला कवा बोटसुदिक लावलं न्हाई. मी उभी हाय बघ तुझ्यापुढं."

ज्योतिबा वाकला आणि त्यानं आधी चंपाबाईंचे पाय शिवले, मग आईचे. शालूबाई या वेळी रडली नाही. ती हसत होती, आणि तिला हसताना बघून अंगणभर टाळ्या सुरू झाल्या, त्यात सयाजीच्या सगळ्यात जोरात.

राजाक्कानं नोकरीत कितीतरी साक्षी नोंदवल्या होत्या. कुणी घाबरून दिलेल्या, कुणी पढवून आणलेल्या, कुणी तर फिरवलेल्याही. अशी स्वतःच्या पायांवर चालत येऊन दिलेली साक्ष मात्र तिनं त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली.